कसली शिट्टी?

३ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, तुझी वहिनी माझ्याहून धडधाकट आहे. अकरा वर्षांनी लिहितोय ते तुझ्या पोरीमुळे. नाहीतर मी कशाला लिहितोय आणि तू कशाला वाचतोयस! फोनच केला असता, पण आमची लाईन हल्ली फार खराब झालीय. समोरचा माणूस उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. दोनदा फोन बदलला, तरी तेच.

तर तुझी पोरगी गेले दोन आठवडे रोज आपल्या दुरुस्तीच्या दुकानात येतेय. तिचं होस्टेल इथून दोन चौकांवर आहे हे मला ती दारात उभी राहिली तेव्हा कळलं. "बाबांना सांगू नका हं काका," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. मी हो म्हटलं. पण लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही हे तुला माहीत आहे, म्हणून सांगून टाकतो.

इथल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात गिटारची एक जागा निघालीय, कायमची. २९ तारखेला परीक्षा. त्यासाठी बाईसाहेबांना जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचं पेडल हवंय, आणि तेही स्वतः बनवलेलं. (ती ट्यूब म्हणते. मी तीनदा सुधारलं आणि नाद सोडला.) पेडल म्हणजे पायाशी ठेवायचा लोखंडी डबा. गिटारची तार छेडली की तो तिचा आवाज हजारपटीने चढवतो, सूर फुगतो, जरा फाटतो आणि मिनिटभर विझत नाही. तयार मिळतात ते का नको, तर "त्यांत जीव नसतो काका. आणि आपल्याकडे ती व्हॉल्व्हची पेटी नुसती पडलीय ना?" आपल्याकडे, म्हणाली.

आता हजारपट म्हणजे काय ते तुला सांगायला नको. डब्यात मुंगी शिंकली तरी बाहेर ऐकू येणार. आणि नाट्यगृहाचे मास्तर म्हणे कानाचे भयंकर तिखट. ते वाजवायला देतात त्या तुकड्यात शेवटी एक लांब सूर ओढायचा आणि मग आठ मात्रा पूर्ण शांतता. गेल्या वर्षी त्या शांततेत दोघांची पेडलं गुणगुणली. दोघांनाही तिथल्या तिथे नारळ दिला. पोरगी हे सांगताना हसते, पण पायाचा अंगठा सारखा हलत असतो तिचा.

डबा जोडून झाला, चालू केला, आणि घुंऽऽ. मोठा घुंऽऽ. म्हणून हे पत्र. तुझी ती पिवळी वही, ज्यात तू प्रत्येक बिघाड लिहून ठेवायचास, ती जाताना तू घेऊन गेलास. तेव्हा मी काही बोललो नाही. आता बोलतोय. त्यातलं घुंघुंचं पान उतरवून पाठव. लवकर.

दादा

९ नोव्हेंबर

धाकट्या,

पान मिळालं. नुसतं पान. वर 'दादा' नाही, खाली नाव नाही. लाईट बिलावर तरी ग्राहकाचं नाव असतं रे.

असो. तुझं पान यायच्या आतच घुंघुं गेली. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा सुट्या होत्या, त्यांना पीळ दिला. अर्थिंग चार ठिकाणी होतं ते एका स्क्रूवर आणलं. ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवला. मग पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह ठोकून बघितला. दुसरा टणत्कारला, तो काढून पेटीतला दुसरा घातला. एक रेझिस्टर चरचरत होता, तोही बदलला. पोरीला आत हात घालताना दुसरा हात खिशात ठेवायला शिकवलंय. आत अडीचशे व्होल्ट आहेत, गंमत नाही. शिकतेय बरी.

वायरिंग तर अशी केलीय की बघत राहशील. आतल्या सगळ्या तारा एका जुडीत घेऊन मेणाच्या दोऱ्याने बांधल्या, दर बोटभर अंतरावर गाठ. वेणी म्हण. या शहरात अशी बांधणी करणारा आता मी एकटा उरलोय. कान लावला, चिडीचूप! डब्याला लेबल बांधलं आणि निळी खूण केली.

तर पोरगी म्हणते, "काका, शिट्टी येतेय."

म्हटलं, कसली शिट्टी?

"बारीक आहे. पण सारखी येतेय. नॉब वर नेला की वाढते."

मी नॉब वर नेला, खाली नेला, कान स्पीकरला चिकटवला. काही नाही. काडीचं काही नाही! मी म्हटलं, बाळ, रात्रंदिवस कानात बोळे घालून गाणी ऐकता तुम्ही, तुमच्याच कानात शिट्टी वाजत असेल. तर म्हणाली, "मग बाहेर गेल्यावर का थांबते?" उलट उत्तर तयारच. कुणावर गेलीय ते मी लिहीत नाही, आरसा तुझ्याकडेही असेल.

मग लेबल उलटं-पालटं करून विचारते कशी, "यात लाल चौकोन कशाला आहे?" तिला सांगावं लागलं. की या दुकानातून कुठलीही वस्तू दोन खुणांशिवाय बाहेर जायची नाही. मी दुरुस्त करून निळी खूण करायचो, मग, पोरी, तुझा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, वस्तूकडे न बघता नुसता ऐकायचा, आणि पटलं तरच लाल. "मग आता लाल कोण करतं?" आता कुणी करत नाही, म्हटलं, आता निळी पुरते.

तिने त्या रिकाम्या चौकोनावर बोट टेकवलं. हल्लीच्या पोरांचं बोट त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त डोक्यात जातं.

दादा

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

तू मला कार्ड पाठवलंस. त्यावर एक ओळ: 'ती शिट्टी आहे म्हणत असेल तर आहे.'

वा! शंभर मैलांवरून निदान! उंटावरून शेळ्या हाकायला तुला कुणी सांगितलं होतं? तिकडे लिफ्ट दुरुस्त करतोस ना, त्या कर. तुझ्या लिफ्टमध्ये शिट्टी वाजते का ते मी इथून सांगू का?

पाच दिवस झाले. पाच दिवस मी, माझ्या हयातीत पहिल्यांदाच, नसलेला बिघाड शोधतोय. पोरीची गिटार बदलून बघितली. तिची केबल बदलली, माझी लावली. दुकानातल्या ट्यूबलाईट बंद केल्या. शेजारी दाताचा डॉक्टर आहे, त्याला जाऊन विचारलं की बाबा तुझं ते दाढा कोरायचं मशीन जरा बंद करतोस का. त्याच्या खुर्चीत पेशंट तोंड उघडं टाकून बसलेला. डॉक्टर काहीतरी म्हणाला, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, मला काही कळलं नाही. पण तोंडावरून चांगलं नसावं. मशीन बंद केल्यावरही पोरगी म्हणते, "आहे."

पंधरा दिवस उरलेत. काल तिने गिटार खोक्यात घातली आणि म्हणाली, "काका, राहू दे. मी नाव काढून घेते. त्यांच्यासमोर ती शिट्टी वाजण्यापेक्षा न गेलेलं बरं." मी ओरडलो तिच्यावर. खोटं कशाला सांगू, चांगलाच ओरडलो. म्हटलं, नसलेल्या शिट्टीपायी जागा सोडतेस? ती रडली नाही. खोक्याची कडी लावली आणि म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तुम्ही असंच म्हणाल."

म्हणजे तू तिला सांगितलंयस सगळं. आणि ती 'बाबांना सांगू नका' म्हणत होती! मीच तेवढा मूर्ख.

हे सगळं चालू असताना तुझं ते कार्ड घेऊन पोस्टमन आला. मला कळलंच नाही, दारावरची बेल बिघडलीय. दोनदा उघडून बघितली, आत दोष सापडत नाही, पण वाजत म्हणून नाही. तर हा आत आला, कार्ड ठेवलं आणि कानात बोट घालून म्हणाला, "हे काय किंचाळतंय हो तुमचं?"

पोरीने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम डब्याकडे बघत बसली. तुझी वहिनी चहा घेऊन आली होती, तीही कपाकडे बघत बसली. मी म्हटलं, तुम्ही सगळे मिळून मला वेड्यात काढा, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

वहिनी म्हणते ते लिहितो, म्हणजे तुला आनंद होईल. म्हणते, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

दादा

२० नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र मी दोनदा फाडलंय, तिसऱ्यांदा लिहितोय. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

परवा दुपारी पोरगी कॉलेजात होती. दुकानात मी एकटा. आवाज पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवरची धूळ पुसली. तुला आठवतं ना, मी म्हणायचो, कान असताना पडदा कशाला. डबा त्याला जोडला, चालू केला, नॉब वर नेला. कानाला काही नाही. दुकान अगदी शांत. आणि पडद्यावर लाट.

साधीसुधी नाही. सुरेख, गुळगुळीत, एकसारखी लाट. नॉब वर नेला की उंच होते, खाली आणला की बसते. मोजली. सेकंदाला सात हजार कंपनं. म्हणजे शिट्टीच की! पडद्यावर ती नाचत होती आणि मी तिच्यासमोर बसलो होतो, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

आधी मी ऑसिलोस्कोप खोटा ठरवला. अर्धा तास त्यात घालवला, तो सोडतोय होय मी?

मग तुझ्या वहिनीला हाक मारली. सूर काढायचं यंत्र स्पीकरला जोडलं आणि तिला म्हटलं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेव. दोघांनीही हात वर केले. मी हळूहळू सूर चढवत नेला. हजार, दोन हजार, तीन. साडेतीनच्या पुढे तो बारीक झाला, आणि मग गेला. मी हात खाली घेतला. तिचा वरच. मी चढवत राहिलो. पाच, सहा, आठ. तिचा हात वरच. माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी, आणि हात काही खाली येईना. शेवटी मीच यंत्र बंद केलं.

म्हणाली, "मला चार वर्षं झाली माहीत आहे." चार वर्षं! म्हटलं, मग सांगायचं नाही का? तर म्हणते, "सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही." आणि हसली बया. मलाही हसू आलं, काय करता.

बेल चांगली आहे. फोनची लाईनही चांगली आहे.

आता मुख्य लिहितो. शाळेचा अँप्लिफायर. सभागृहाचा, तो मोठा. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि म्हणालास, "दादा, शिट्टी आहे." मुख्याध्यापिकाबाई समोर बसलेल्या. मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, आहे. मी त्यांच्यासमोर तुला म्हटलं, तुला काम करायचं नसतं म्हणून आवाज ऐकू येतात. तू लाल खूण करायला नकार दिलास. मग मी ड्रॉवरमधून तुझी लाल पेन्सिल काढली आणि तुझ्या देखत तुझी खूण केली. संध्याकाळी तू सामान उचललंस.

माझे कान त्याच वर्षी गेले होते की आधीच, ते मला माहीत नाही. पण ती शिट्टी मला तेव्हाच ऐकू येत नव्हती, हे आता मला माहीत आहे. आणि तुला येत होती.

अजून आहे. मी आत्याकडून तुला निरोप पाठवला होता, की शाळेकडून एक तक्रार नाही. ते खोटं होतं. आठव्या दिवशी बाई अँप्लिफायर घेऊन परत आल्या. मुलं कान झाकून घेतात म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की दोष तुमच्या सभागृहात आहे. त्यांनी तो दुसऱ्याकडून नीट करून घेतला आणि पुन्हा कधी आपल्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. लेबल तेवढं मी त्या दिवशी सोडवून ठेवलं होतं. सोबत पाठवतोय. लाल खूण रबराने खोडलीय, पण कागदाला व्रण राहिलाच.

चुकलो रे. तुझ्यावर खोटेपणा लादला, तुझ्या नावाने. अकरा वर्षं मी हे लोकांना 'धाकटा तापट आहे' म्हणून सांगत आलो.

पोरीला काल सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि मग अगदी तुझ्यासारखं विचारलं, "बरं, मग शिट्टी येते कुठून?" तिने डब्याचं झाकण काढलं, आणि मी पहिल्यांदा माझी वायरिंग नीट बघितली. ती वेणी! शेवटच्या व्हॉल्व्हमधून निघालेली तार आणि पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी तार, मी दोघींना एकाच जुडीत गळ्यात गळा घालून बांधलेलं. मोठा झालेला आवाज शेजारच्या तारेतून परत पहिल्यात शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. शिट्टी वाजेल नाहीतर काय! शाळेच्या अँप्लिफायरलाही मी अशीच वेणी घातली होती. आणि तू एकोणीस वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडत होतास, "दादा, तारा मोकळ्या सोड, दिसायला वाईट दिसल्या तरी चालेल." पालथ्या घड्यावर पाणी.

दोरा मी स्वतःच्या हाताने कापला. दोन तारा दोन भिंतींना नेल्या. आता आतून तो डबा एखाद्या शिकाऊने केल्यासारखा दिसतो. पण पडद्यावरची लाट गेली. सपाट रेघ. पोरगीही म्हणते, गेली "बहुतेक".

त्या 'बहुतेक'चं काय करायचं? नऊ दिवस उरलेत. तिला आता स्वतःच्या कानाचा भरवसा राहिलेला नाही, आणि त्याला कारण मी आहे. रोज 'नाही, नाही' म्हणून मी तिच्या डोक्यात शंका घालून ठेवली. म्हणते, "तिथे त्या आठ मात्रांत मी सूर सोडून शिट्टीच ऐकत बसेन काका." लाल खूण तूच कर म्हटलं, तर नाही म्हणाली. म्हणाली, ती बाबांची आहे.

रविवारी लिफ्टना सुट्टी असते ना? ये. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस, तसंही मला निम्मंच ऐकू येतं. भिंतीकडे तोंड करून उभा राहा आणि ऐक. लाल पेन्सिल ड्रॉवरमध्येच आहे. टोक काढून ठेवलंय.

दादा

३० नोव्हेंबर

धाकट्या,

पोरीने तुला फोन केला असेलच, तरी माझ्याकडून लिहितो. जागा मिळाली! मी आणि वहिनी मागच्या रांगेत बसलो होतो. तिने शेवटचा सूर ओढला, तो मला छान ऐकू आला, आणि मग तिने तारांवर हात ठेवला. मी सवयीने कान टवकारले, मग म्हटलं आपल्या कानाचा काय उपयोग, म्हणून मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसलो. आठ मात्रा त्या माणसाची भुवईसुद्धा हलली नाही. नंतर त्यांनी विचारलं, डबा कुणी केला? ती म्हणाली, "काकांनी केला, बाबांनी ऐकला."

आता रविवारचं. तू आलास, 'दादा' म्हणाला नाहीस, चप्पल काढलीस आणि थेट भिंतीपाशी जाऊन उभा राहिलास. केस पांढरे झालेत रे मागून. पोरीने वाजवलं, थांबवलं. आणि तू म्हणालास, "आहे." ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं!

खरं सांगतो, हातातलं सोल्डरिंग आयर्न फेकून मारावंसं वाटलं. पडदा सपाट, पोरगी 'बहुतेक' म्हणतेय, आणि हा अकरा वर्षांनी येतो आणि म्हणतो, आहे! तोंड उघडलं होतं मी. तू वळून बघितलंस, तुला दिसलं असेल. वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग मी म्हटलं, "कुठे?"

एवढंच म्हटलं, पण दोन माणसं उचलून ठेवल्यासारखी दमणूक झाली.

तू तिसऱ्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलंस. नॉब अगदी टोकाला नेल्यावर ऑसिलोस्कोपच्या रेघेला बारीकशी लव आली, तेव्हा मला पटलं. तू सांगितलंस, मी व्हॉल्व्हच्या पायापाशी एक रेझिस्टर लावला, एक हात खिशात ठेवून. तू पुन्हा भिंतीकडे वळलास. किती वेळ लावलास! मग ड्रॉवर उघडलास, पेन्सिल कुठे आहे ते न विचारता.

जेवताना आपण लिफ्टबद्दल बोललो, दाताच्या डॉक्टरबद्दल बोललो. शाळेचं तू काढलं नाहीस, मी काढलं नाही. मला वाटलं, संपलं असेल. मग तुझी बस आली. पायरीवर पाय ठेवून तू वळलास आणि काहीतरी म्हणालास. दोन वाक्यं असावीत. दुसरं म्हणताना तुझा चेहरा जरा वेगळा झाला. मी मान हलवली, "हो हो, बरोबर" म्हटलं, हात केला, बस गेली.

धाकट्या, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बसचं इंजिन चालू होतं, आणि ते नसतं तरी आलं नसतं. हल्ली मी असंच करतो, ऐकू आलं नाही की मान हलवतो. लोकांना बरं वाटतं आणि माझी अब्रू राहते. पण तुला 'नाही' म्हणून मी एकदा फसवलंय, आता 'हो' म्हणून फसवायचं नाही.

वहिनी शेजारीच उभी होती, तिने ऐकलंय. सांगत नाही. म्हणते, ज्याने म्हटलं त्यालाच विचारा. कानाच्या डॉक्टरकडे सोमवारी जातोय, यंत्र बसवतील म्हणे. पण तोवर मला धीर नाही.

काय म्हणालास ते लिहून पाठव. मोठ्या अक्षरात नको, डोळे शाबूत आहेत.

दादा